सात नावांची फाइल

पत्र

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात पाच वर्षांपासून इतिहास शिकवते. या जूनमध्ये आमचे एक ज्येष्ठ सर निवृत्त झाले आणि त्यांच्याकडचं 'समान संधी केंद्र' प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं. म्हणजे एक फाइल हातात आली. तिच्यात रॅम्पचे चार फोटो, 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या व्याख्यानाचा एक फोटो, त्याची हजेरी आणि सात दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार आहे, फाइल अद्ययावत करा, एवढंच सांगण्यात आलं.

यादीतली एक मुलगी माझ्याच वर्गात आहे, बीए दुसरं वर्ष. माण तालुक्यातल्या गावातून आलेली, इथं मावशीकडे राहते. तिला फार कमी दिसतं. पहिल्या बाकावरूनही फळा वाचता येत नाही, म्हणून ती मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघते. एका सरांनी 'तासाला मोबाइल नको' म्हणून तो पिशवीत ठेवायला लावला. परवा ती म्हणाली, 'मॅडम, मी पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठातून करते. इथं सगळ्यांना माझा त्रास होतो.' पहिल्या वर्षाचा एक मुलगा अपघातानंतर कुबड्यांवर चालतो, त्याचे सगळे तास दुसऱ्या मजल्यावर. एकाला श्रवणयंत्र आहे, तो वर्गात कधीच बोलत नाही. आणखी एकाचा हात लिहिताना थरथरतो. त्याच्या प्रमाणपत्रावर 30 टक्के अपंगत्व आहे, म्हणून लेखनिक, म्हणजे तो सांगेल तसा पेपर लिहून देणारा, मिळणार नाही असं ऑफिसातून सांगितलं.

लिफ्टला पैसे नाहीत. काही सहकारी म्हणतात, एकाला जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय होतो. माझं कुठलंही प्रशिक्षण झालेलं नाही. कुठून सुरुवात करू?

– एक प्राध्यापिका

उत्तर

प्रिय मॅडम,

'इथं सगळ्यांना माझा त्रास होतो.' तुमच्या पत्रातल्या या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिला असं तोंडावर कोणी म्हटलं नसेल. रोज मैत्रिणीकडे वही मागताना, झेरॉक्सवाल्याला 'जरा मोठं करून द्या' म्हणताना, मोबाइल पिशवीत टाकताना हे तिचं तिनंच गोळा केलेलं आहे. वर्गातली साठ मुलं फळा फुकट वाचतात. हिला तोच फळा वाचायला रोज कोणाची तरी परवानगी लागते.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. एका वर्षी वर्गात पूर्ण अंध मुलगा होता. मी त्याच्याशी मायेनं वागायची. डब्यातलं द्यायची, एकदोनदा एसटीच्या भाड्याला पैसेही दिले. आणि त्याच वेळी फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून म्हणायची, 'बघा, ही इथून अशी खाली येते आणि ही तिला इथे छेदते.' दोन वर्षं म्हणत राहिले. निरोप समारंभ झाल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, 'मॅडम, ती रेषा नेमकी असते तरी कशी?' पुठ्ठ्यावर आगपेटीच्या काड्या डिंकानं चिकटवून त्याच्या बोटांखाली द्यायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मला कधी सुचली नाहीत, कारण मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. माया भरपूर होती, पण त्याला हवं ते शिक्षण माझ्याकडून मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते, आणि तुम्हाला उत्तर लिहिताना तीच समोर आहे.

म्हणून सुरुवात फाइलपासून करू नका. यादीतल्या प्रत्येकाशी अर्धा अर्धा तास बसा, एकेकाशी, स्टाफरूमच्या बाहेर, दुसरं कोणी ऐकत नसेल अशा जागी. वर्गात जाऊन 'दिव्यांग विद्यार्थ्यांनी थांबा' असं पुकारू नका. आजार काय, कधीपासून, किती टक्के, हे प्रश्न त्यांना लहानपणापासून लग्नाकार्यात, एसटीत, दवाखान्यात सगळ्यांनी विचारलेले असतात. तुम्ही दिवस विचारा. सकाळी गाडी कितीला पकडतोस, स्टँडवर उतरल्यावर कॉलेजपर्यंत कसा येतोस, कुठल्या तासाला सगळ्यात जास्त अडतं, पाणी कुठे पितोस, दिवसभरात लघवीला जाता येतं का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा. कॉलेजात जाता येत नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी मुलं-मुली मी पाहिली आहेत. आणि उठताना एक विचारा: यातलं मी कोणाला सांगू आणि कोणाला नको? तिच्या दिसण्याबद्दल सगळ्या प्राध्यापकांना कळावं असं तिला वाटेल, वर्गातल्या मुलांना कळू नये असंही वाटेल. ते तिनंच ठरवायचं. 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग', हेही तिलाच विचारा. सरकारी कागदावर आता दुसरा शब्द असतो, पण काहींना तो अवघडल्यासारखा वाटतो.

आता मोबाइलचं. ते उद्याच सोडवा. त्या सरांना एकट्यानं गाठा आणि सांगा की तिचा मोबाइल म्हणजे तिचा चष्मा आहे. चष्मा काढून ठेव असं आपण कोणाला सांगत नाही. ते सर वाईट आहेत असं मला वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नसेल. पण तोंडी सांगून सोडू नका. प्राचार्यांच्या सहीचं चार ओळींचं कार्यालयीन पत्र काढून घ्या की अमुक विद्यार्थिनीला तासाला फळ्याचे फोटो काढण्याची आणि व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी आहे. याचं कारण तुम्हाला पटेल. आपल्याकडे बदल्या होतात. उद्या तुम्ही कऱ्हाडला गेलात, ते सर कोरेगावला गेले आणि नवीन मॅडम आल्या, की त्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना समजावून सांगावं लागणार. पत्र असेल तर ते दाखवून ती मोकळी होईल. तुम्ही जे जे कराल ते तुमच्या चांगुलपणावर न ठेवता कॉलेजच्या नावावर लिहून ठेवा, मग ते तुमच्यानंतरही राहील. माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे. पुढचं सगळं त्याच्या पोटातलं आहे.

फळ्याकडे येऊ. तुम्ही इतिहास शिकवता, म्हणजे सनावळ्या, तहांची नावं, वंशावळी. जे लिहाल ते लिहिताना मोठ्यानं वाचा. 'हे' आणि 'इथे' हे शब्द टाळून बघा, आठवडाभर जड जाईल, मग सवय होईल. नकाशा लावलात तर बोलून फिरा: साताऱ्यातून निघालो, उत्तरेला वाई, वायव्येला महाबळेश्वर आणि त्याच्याही पलीकडे प्रतापगड. वर्गातल्या बाकी मुलांनाही हे जास्त लक्षात राहील. तिची जागा मात्र तिला निवडू द्या. कमी दिसणाऱ्याला पहिलाच बाक सोयीचा असतो असं नाही. खिडकीचा उजेड गुळगुळीत फळ्यावर पडून चकाकत असेल तर पहिल्या बाकावरून पांढऱ्या डागाशिवाय काही दिसत नाही.

नोट्सची अडचण जास्त खोल आहे आणि ती आपल्या मराठीची खास आहे. आपले बरेच प्राध्यापक अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात, किंवा हातानं लिहिलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला दोन्ही वाचता येतं. पण अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर जुन्या फाँटची फाइल उघडली की अर्थहीन इंग्रजी अक्षरं बडबडतं, आणि फोटोपुढे तर गप्पच बसतं. तीच फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना कळणाऱ्या प्रमाणित अक्षरांत असेल तर संगणकावर एनव्हीडीए आणि अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक ती मराठीत वाचून दाखवतात. दोन्ही मोफत आहेत. एक रुपया खर्च न करता कॉलेजला घेता येण्यासारखा हा सर्वांत मोठा निर्णय: यापुढे प्रत्येक नोट, सूचना आणि वेळापत्रक युनिकोडमध्ये. सूचना फलकावरचा कागदही त्याच दिवशी ग्रुपवर मजकूर म्हणून टाकायचा, त्याचा फोटो काढून टाकायचा नाही.

छापील मजकूर मोठा करून देताना देवनागरीचा स्वभाव लक्षात घ्या. बारीक टायपात आधी हरवतो तो अनुस्वार, मग रफार, मग वेलांटी. 'मंद'चं 'मद' होतं, 'अंत'चं 'अत'. प्रश्नपत्रिकेत असा एक टिंब दिसला नाही तर ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर लिहून येईल, आणि तपासणाऱ्याला वाटेल अभ्यासच नाही. किती आकाराचं अक्षर हवं ते तिच्याकडून ठरवून घ्या. चार आकारांत एकच परिच्छेद छापून तिच्यापुढे ठेवा. आणि ए-फोरचा कागद मशीनवर ए-थ्री करून दिला की काम झालं असं समजू नका. बाकावर न मावणारा, फिकट झालेला कागद सांभाळत पेपर लिहिणं फार कठीण असतं.

पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथं नोंदणी करून पुस्तकं घेता येतात. क्रमिक पुस्तक तिथं नसेल तर ते स्कॅन करून, तपासून तिच्यासाठी युनिकोडमध्ये करून द्या. ग्रंथपाल प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, भीती घालतील. त्यांना सांगा की 2012 च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यातच दिव्यांग वाचकासाठी पुस्तक सुलभ रूपात करून देण्याची मुभा दिली आहे. ते विकायचं नाही आणि भलतीकडे वाटायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

हे टाइप कोण करणार, वाचून ध्वनिमुद्रण कोण करणार? आज हे काम तिची एखादी मैत्रीण करत असेल आणि परीक्षा जवळ आली की दोघींनाही ओशाळल्यासारखं होत असेल. तुम्ही तर अशा जिल्ह्यात आहात जिथं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच तयार झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढलं, तेव्हा खेड्यातली मुलं का शिकत नव्हती? शाळा लांब, शहरात राहायला जागा नाही आणि पोटाला अन्न नाही म्हणून. 'आधी तुमची सोय करा, मग या' असं त्यांनी कोणत्याही पोराला म्हटलं नाही. सोय हाच शिक्षणाचा पहिला भाग आहे असं धरून ते चालले. बोर्डिंगच्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं, हे साताऱ्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितलं जातं. त्याच परंपरेतली 'कमवा आणि शिका' योजना तुमच्या कॉलेजात असेलच. त्या मुलांना बागेला पाणी घालायचं आणि ग्रंथालयातली पुस्तकं लावायचं काम देतात. त्यातले आठवड्याचे काही तास युनिकोड टायपिंग, वाचून ध्वनिमुद्रण आणि सराव परीक्षेत लेखनिक होणं यासाठी राखून ठेवा. मैत्रिणीवरचं ओझं उतरेल, गरजू मुलाला पैसे मिळतील आणि आपण कोणाचे उपकार घेतोय ही त्या मुलीची भावनाही कमी होईल. आणि एक विसरू नका: 'कमवा आणि शिका'त यादीतल्या सातांपैकी किती जण आहेत ते बघा. त्यांनाही कमवायचं असतं. कुबड्यांवरच्या मुलाला बाग जमणार नाही, पण संगणकावरच्या नोंदी, चौकशी खिडकी, ग्रंथालयातली देवघेव हे तो नक्की करील.

लिफ्टचं पुढं बघू. त्या मुलासाठी आज लिफ्ट लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. पहिल्या वर्षाच्या त्याच्या तुकडीचे तास तळमजल्यावर आणायचे आणि तळमजल्यावरची एक तुकडी वर पाठवायची. वेळापत्रक समितीतले सर 'आता सत्र सुरू झालंय' म्हणतील. तरीही करून घ्या, आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळीच अशी नावं समितीकडे जातील असं लिहून ठेवा. ऑफिसची खिडकी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षेचा हॉल हेही बघा. नेहमीच्या वर्गाची सोय होते आणि परीक्षेचा बैठक क्रमांक नेमका तिसऱ्या मजल्यावर येतो, असं फार वेळा घडतं.

आणि फाइलमधल्या त्या रॅम्पवर एकदा मोजपट्टी घेऊन जा. नियम असा की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी. कॉलेजच्या दारात साधारण तीन पायऱ्या, म्हणजे 45 सेंटिमीटर उंची असेल, तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. पायऱ्यांवर सिमेंटची उतरती फळी टाकून जे तयार होतं त्यावरून मोटारसायकल चढते. व्हीलचेअर घेऊन एकट्यानं चढता येत नाही, आणि कुबडी तर पावसाळ्यात सटकते. दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे का, तेही बघा. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह उघडून बघा. मला खात्रीनं वाटतं की त्याला कुलूप असेल, किल्ली शिपायाकडे असेल आणि आत झाडू-बादल्या असतील. ते रिकामं करायला निधी लागत नाही. लिफ्टची मागणी मात्र सोडू नका. लेखी द्या, दरवर्षी द्या. इमारती सुगम्य करणं ही कायद्यानं संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे, आणि मागणीच झाली नाही तर अंदाजपत्रकात तिला जागाही मिळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तो तुमच्या हातात असायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, अमलात आला एप्रिल 2017 मध्ये. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, आता 21 आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, वयात पाच वर्षांची सूट आहे. पण प्रवेश दिला की संपलं असं हा कायदा म्हणत नाही. ज्याला जशी लागेल तशी वाजवी सोय करून द्यायची, आणि ती नाकारली तर तो भेदभाव धरायचा, असं तो स्पष्ट म्हणतो. पूर्वी ज्या गोष्टी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर चालल्या, त्या आता संस्थेनं करायच्या आहेत.

थरथरत्या हाताच्या मुलाला ऑफिसनं चुकीचं सांगितलं आहे. नेमक्या याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा निकाल आहे, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, 40 टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारनं 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या पण लिहायला अडचण असणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मुलाला शासकीय रुग्णालयातून 'लिहिण्यात अडचण आहे, लेखनिक आवश्यक' असं प्रमाणपत्र घ्यावं लागेल. साताऱ्यात ते क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात होईल. शक्य असेल तर स्वतः त्याच्याबरोबर जा, निदान कॉलेजचं पत्र तरी द्या. एकट्या मुलाला तिथं तीन खेपा पडतात. मग निकालाची प्रत, चालू सूचनांची प्रत आणि प्रमाणपत्र जोडून अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवा, परीक्षेचा फॉर्म भरतानाच. हॉल तिकीट आल्यावर धावाधाव करू नका.

जादा वेळेचं प्रमाण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं असं दिलं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाच्या शिक्षणाच्या अटींसाठी विद्यापीठाचं चालू परिपत्रक हाताशी ठेवा. आणि एक जागा आहे जिथं जवळजवळ सगळी कॉलेजं चुकतात: अंतर्गत चाचण्या. विद्यापीठाच्या पेपरला लेखनिक देतात आणि कॉलेजच्या वीस मार्कांच्या चाचणीला, तोंडीला, प्रकल्पाच्या सादरीकरणाला कोणी विचारतही नाही. तिथंही तोच वेळ, तीच सोय द्या. लेखनिकाबरोबर आधी दोन-तीनदा सराव करू द्या. अनोळखी मुलाला पहिल्याच दिवशी 'पुरंदरचा तह' सांगताना तो 'पुरंदरचा ताह' लिहितोय की काय, हे कमी दिसणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीला दिसणार नसतं.

'बाकीच्यांवर अन्याय' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घालू नका. स्टाफरूममध्ये त्यांना एक प्रयोग करायला सांगा. कोणीतरी डोळे मिटावेत, प्रश्न फक्त ऐकावा आणि दहा गुणांचं उत्तर शेजारच्याला सांगून लिहून घ्यावं. स्वल्पविराम सांगायचा, परिच्छेद सांगायचा, मधे आठवलेला मुद्दा वर घालायला सांगायचा, लिहिलेलं वाचून घ्यायचं, खोडून घ्यायचं. घड्याळ लावा. मी हा प्रयोग केला होता आणि माझं अर्धं उत्तर राहिलं होतं. उत्तर तपासताना कसलीही सवलत नाही, गुण सगळ्यांसारखेच कापले जातात, हेही त्यांना सांगा. वेळ ज्ञानासाठी वाढवलेला नसतो, कागदापर्यंत पोचायला लागतो.

श्रवणयंत्रवाल्या मुलाबद्दल: श्रवणयंत्र चष्म्यासारखं काम करत नाही. ते आवाज मोठा करतं, सगळेच आवाज, पंख्याचा आणि मागच्या बाकावरच्या कुजबुजीचाही. त्यामुळे फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तुमच्या चेहऱ्यावर उजेड राहू द्या, मागून कोणी प्रश्न विचारला तर तो तुम्ही पुन्हा म्हणून मग उत्तर द्या. नवी नावं आणि सन फळ्यावर लिहाच. बोललेलं मराठीत अक्षरांत उमटवणारी मोफत अ‍ॅप्स आहेत, नावांत चुका होतात तरी उपयोग होतो. पण तो का बोलत नाही हे मला सांगता येणार नाही. ऐकू न आल्यानं एकदा चुकीचं उत्तर दिलं आणि वर्ग हसला, असं काही असू शकतं. त्याला विचारा, लिहूनही विचारता येईल. त्याला खुणांची भाषा येत असेल तर मग दुभाषकाचा प्रश्न येतो, तो वेगळा आणि मोठा आहे.

दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड सातही जणांकडे आहे का बघा, आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या दिव्यांगांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरून घ्या. पोर्टलवर फोटो अपलोड होत नाही एवढ्यावरून वर्षाची शिष्यवृत्ती जाते. दाद मागायची वेळ आलीच तर पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तिथवर जायची पाळी येऊ नये म्हणून प्राचार्यांना आधी मी वर सांगितलेली कागदपत्रं शांतपणे दाखवा. त्यांना नॅकची काळजी आहे, ती खरी आहे. नॅक ज्या मुद्द्यांची माहिती मागतं त्यात रॅम्पबरोबर लेखनिक, वाचक, अभ्याससाहित्याच्या सॉफ्ट कॉपी हेही आहे. ही कामं झाली की त्यांची फाइल आपोआप भरते.

आसपासच्या मोठ्या नावांचा आधार घ्यायचा मोह तुम्हाला होईल. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. व्याख्यानात त्यांचं नाव जरूर घ्या. पण तुमच्या मुलीपुढे ते उदाहरण ठेवून 'बघ, जिद्द असली की सगळं होतं' असं म्हणू नका. तिला जिद्द कमी पडलेली नाही. माणमधून येऊन, फळा न दिसता ती दुसऱ्या वर्षापर्यंत आली आहे. तिला साध्या मुलीसारखं साध्या मार्कांनी पास होता यावं, कधी तासाला दांडी मारता यावी, कोणाची प्रेरणा न होता कॉलेजात वावरता यावं, एवढं तरी आपण जमवू या.

ती जायचं म्हणते, त्यावर लगेच 'जाऊ नकोस' म्हणू नका. मुक्त विद्यापीठ हे चांगलं शिक्षण आहे. घरकाम, नोकरी, शेती सांभाळून हजारो जण तिथून शिकले. तिला ते मनापासून हवं असेल तर तिनं जावं. पण तिला विचारा, 'मोबाइल चालला, नोट्स ऐकता आल्या, पेपर वाचता येईल असा मिळाला, तरीही जाशील?' उत्तर लगेच मागू नका. हे सत्र तिला अनुभव येऊ द्या, मग दिवाळीनंतर विचारा. मावशीलाही भेटून या. नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या मुलीवर 'पोरीचं काय होणार' हे दडपण किती असतं, ते तिथं गेल्यावरच कळतं.

शेवटी एक. तुमच्या फाइलमध्ये सात नावं आहेत आणि पत्रात चौघांबद्दल लिहिलं आहे. उरलेले तिघे कोण? बहुधा त्यांच्याकडे कुबडी नाही, यंत्र नाही, हात थरथरत नाही, म्हणून ते डोळ्यांत भरले नसतील. त्या 21 प्रकारांत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे, मनोविकार आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहे. रक्त चढवायला महिन्यातून एक-दोनदा दवाखान्यात जाणाऱ्या मुलाला रॅम्पचा काही उपयोग नाही. त्याला हजेरीत सूट आणि चुकलेली चाचणी पुन्हा देण्याची सोय लागते, आणि ऑफिसात त्याचं नाव 'सतत गैरहजर' म्हणून लागलेलं असतं. त्या तिघांना आधी भेटा. मग मला पुन्हा लिहा.